झाकली मूठ, उघडलं नाणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, घरी आल्या. हातात कापडात गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती. ती पेटी मला चांगली ठाऊक होती. माझ्या मित्राची चाळीस वर्षांची नाणी तिच्यात होती. वहिनींना गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं आणि मुलीपुढे हात पसरायचा नव्हता. पेटीतली बाकीची नाणी साधीच होती, पण एका रुपयाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा एक तरी बऱ्या किमतीला जाईल ना? हे म्हणायचे, याला अमेरिकेचं सर्टिफिकेट आहे." आणि त्यांनी पाकिटातून एक लहानशी छापील चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. चिठ्ठीवर नाण्याचं नाव, वर्ष, एक लांबलचक नंबर आणि ग्रेड होती : एमएस ६३.

ती चिठ्ठी पाहून माझ्या पोटात गोळा आला. कारण ती चिठ्ठी त्या नाण्यापासून वेगळी करणारा माणूस मीच होतो.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच विषयावर. नाण्याला तज्ज्ञांनी दिलेली ग्रेड, ते नाणं त्याच्या मोहोरबंद डबीतून बाहेर काढल्यावर, कितपत विश्वासाची राहते? विषय छंदाचा वाटेल, पण मुळात तो विश्वासाचा आहे. आणि विश्वासाचे व्यवहार आपल्या सगळ्यांच्याच घरात असतात.

आधी त्या रुपयाबद्दल सांगतो. पंचम जॉर्जचा १९११ सालचा चांदीचा रुपया. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. चांदी बारा भागांत अकरा भाग. या रुपयावर राजाच्या अंगावरच्या माळेत एक छोटासा हत्ती आहे. त्या हत्तीची सोंड इतकी आखूड झाली, की लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसलं. गदारोळ झाला, सरकारनं रुपये देणं थांबवलं, टांकसाळीत पडून राहिलेले बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ पासून नीट सोंडेचा, नीट कानांचा हत्ती आला. जे थोडे रुपये बाहेर पडले होते ते राहिले. संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात आणि उत्तम स्थितीतला मिळाला तर जपून ठेवतात.

माझ्या मित्रानं तो २००७ साली अमेरिकेत, मुलीकडे गेला असताना, एका नाणेप्रदर्शनात घेतला. तो एका कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत बंद होता आणि वरच्या बाजूला आत ही चिठ्ठी होती. अमेरिकेत या डबीला 'स्लॅब' म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटलं की घराचं छत आठवतं, पण तिकडच्या नाणेबाजारात हा शब्द आता रूढ झाला आहे. मित्र परत आला, रुपया दाखवला आणि म्हणाला, "सगळं झालं, पण माझ्या पेटीत बसत नाही रे!" पेटीच्या तबकात पंचम जॉर्जच्या रुपयांची रांग होती आणि पहिली खाच रिकामी होती. दोन वर्षं ती तशीच रिकामी राहिली. २००९ मध्ये एका दुपारी मीच म्हणालो, "नाणं हातात घेण्यासाठी असतं. काढू या बाहेर." हॅकसॉ ब्लेड माझं, पक्कड माझी. कडेनं प्लॅस्टिक कापलं, कोपरा दाबला, टक् असा आवाज झाला आणि रुपया रुमालावर पडला. मित्र लहान मुलासारखा हसला. चिठ्ठी त्यानं पाकिटात जपून ठेवली. आम्हा दोघांनाही वाटलं, नाणं तेच, चिठ्ठी तीच, मग बिघडलं काय?

काय बिघडलं हे कळण्यासाठी ही डबी आली कशी ते पाहायला हवं.

नाणी पारखणं हा धंदा आपल्याकडे फार जुना आहे. पोतदार हे आडनाव आपल्या ओळखीचं आहे. खजिन्यात येणारं नाणं पारखून घेणारा तो पोतदार. सराफ रुपया दगडावर वाजवून घेत, वजन करत आणि खात्री पटली की कित्येकदा आपला छोटासा ठसा त्या रुपयावरच ठोकत. मोगल काळातल्या आणि कंपनीच्या रुपयांवर असे ठसे पाहायला मिळतात. त्यानं नाण्याचा चेहरा बिघडे, आणि आजचा संग्राहक तो ठसा दोष म्हणूनच मोजतो. पण त्या पद्धतीत एक मोठा गुण होता. पारखणाऱ्याचं मत आणि नाणं यांची ताटातूट होऊच शकत नव्हती. रुपया जाईल तिथं सराफाचा शब्द त्याच्या अंगावर जात असे.

सराफ पाहत असे तो खरेखोटेपणा. संग्राहकाला त्याच्या पुढचं पाहायचं असतं : नाणं खरं आहे, पण किती झिजलं आहे? त्याच वर्षाचं, त्याच टांकसाळीचं नाणं झिजलेलं असेल तर चांदीच्या भावात जातं आणि टांकसाळीतून आल्यासारखं असेल तर त्याच्या कितीतरी पट. मग 'चांगलं', 'फार चांगलं', 'उत्तम' असे शब्द वापरले जाऊ लागले. आणि विकताना 'उत्तम' असलेलं नाणं विकत घेताना 'बरं' होऊ लागलं. व्यापाऱ्याचा तो स्वभावच आहे.

यावर आकड्यांचा तोडगा काढला विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं. हा पेशानं मानसशास्त्रज्ञ, छंदानं तांब्याच्या जुन्या सेंटांचा संग्राहक. १९४९ साली त्यानं या सेंटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारं नाणं, ७० म्हणजे निर्दोष. १०० का नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कारण शेल्डनची कल्पना किमतीची होती. ज्या सेंटाची अगदी खालच्या अवस्थेत एक पट किंमत, त्याची निर्दोष अवस्थेत सत्तर पट. तो हिशेब पुढे बाजारानं केव्हाच मोडीत काढला, पण मोजपट्टी टिकली. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या संग्राहकांच्या संस्थेनं आपले ग्रेडिंगचे नियम छापले ते याच पट्टीवर. ६० पासून ७० पर्यंत न वापरलेली नाणी. त्यांना 'मिंट स्टेट' म्हणतात, एमएस हे त्याचंच संक्षिप्त रूप. ५८ आणि त्याखाली वापरात येऊन झिजलेली.

त्याच संस्थेनं १९७९ पासून नाणी ग्रेड करून द्यायला सुरुवात केली. आता जरा लक्ष द्या. त्या वेळी डबी नव्हती. नाणं परत मिळायचं आणि सोबत एक कागदी प्रमाणपत्र मिळायचं, ज्यावर नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो आणि दोन्ही बाजूंच्या ग्रेड असत. म्हणजे वहिनींच्या पेटीसारखीच अवस्था : नाणं एकीकडे, कागद एकीकडे. फोटो होता म्हणून निदान ताडून पाहता येई. पण प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ते नाणं कुणी हाताळलं, कुणी घासलं, हे कागदाला कसं कळणार? शिवाय काही वर्षांत निकष कडक झाले आणि जुन्या कागदावरची ६५ नव्या नजरेला ६३ दिसू लागली.

यावरचा उपाय म्हणून डबी आली. काही नाणेव्यापाऱ्यांनी मिळून काढलेल्या पीसीजीएस या कंपनीनं १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात काम सुरू केलं आणि १९८७ मध्ये एनजीसी ही दुसरी कंपनी आली. नाण्याचा मालक कोण हे न सांगता दोन किंवा अधिक पारखी ते वेगवेगळे पाहतात, एकमेकांचं मत माहीत नसताना आकडा देतात, मग शेवटचा निर्णय होतो. त्यानंतर नाणं आणि चिठ्ठी एकत्र डबीत घालून डबीचे दोन भाग ध्वनिलहरींनी सांधले जातात. उघडायची तर ती मोडावीच लागते आणि मोडल्याचं दिसतं. कंपनी हमी देते ती खऱ्याखोट्याची आणि ग्रेडची, पण डबी शाबूत असेपर्यंतच. नाणं बाहेर काढलं की हमी संपली. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथं ते अक्षरशः खरं आहे.

असं असताना लोक डबी मोडतात कशाला? माझ्या मित्रासारखे हौशी लोक तबकात लावण्यासाठी मोडतात. पण बाजारात मोडल्या जाणाऱ्या डब्यांचं मोठं कारण वेगळं आहे. समजा, एक नाणं ६४ आणि ६५ च्या सीमेवर आहे. एका आकड्यानं किंमत दुप्पट होणार असेल तर व्यापारी ते फोडून पुन्हा ग्रेडिंगला पाठवतो. आज नाही आलं, तर पुन्हा पाठवतो. ग्रेड हे माणसाचं मत आहे. बहुतेक नाण्यांना पारख्याची नजर मिनिटभरही मिळत नाही. चौथ्या वेळी ६५ येऊनही जाते. कंपन्या कोणत्या ग्रेडची किती नाणी पाहिली याची यादी प्रसिद्ध करतात. एकच नाणं चार वेळा गेलं आणि जुन्या चिठ्ठ्या परत केल्या नाहीत, तर त्या यादीत ती चार नाणी दिसतात. म्हणून कंपन्या जुन्या चिठ्ठ्या परत मागतात. सगळे परत करत नाहीत. बाजारात सुट्या चिठ्ठ्या फिरतात त्या अशा.

ग्रेडवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न डबीतल्या नाण्यालाही सुटलेला नाही. एनजीसी काढणाऱ्या जॉन अल्बानीज यांनीच २००७ मध्ये आणखी एक कंपनी काढली. तिचं काम काय, तर दुसऱ्यांनी ग्रेड केलेली नाणी डबीतच पाहायची आणि ग्रेड पक्की वाटली तर डबीवर हिरवा ठिपका चिकटवायचा. पारख्यावर पारखी! तो ठिपकाही डबीवरच असतो. डबी मोडली की तोही गेला.

तर, सुटं नाणं आणि सुटी चिठ्ठी समोर आली तर तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात. आपण त्यांची गल्लत करतो आणि तिथंच फसतो.

पहिला प्रश्न : चिठ्ठीतलं नाणं ते हेच का? चिठ्ठीवर वर्ष असतं, टांकसाळ असते, नंबर असतो. पण त्या वर्षाचे लाखो रुपये निघालेले असतात. चांगलं नाणं विकून टाकून त्याच वर्षाचं हलकं नाणं चिठ्ठीशेजारी ठेवलं, तर चिठ्ठी काही तक्रार करत नाही. नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर तो खराच निघेल, कारण तो खराच आहे.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे खुद्द शेल्डन. होय, ज्यानं मोजपट्टी दिली तोच. न्यू यॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे तांब्याच्या सेंटांचा एक अव्वल संग्रह देणगी म्हणून आलेला होता. अभ्यासक म्हणून शेल्डनला तिथं मुक्तद्वार होतं. त्यानं काय केलं, तर उत्तम सेंट उचलले आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारचे हलके सेंट ठेवून दिले. एक-दोन नव्हे, शंभराच्या वर. खाचा भरलेल्या होत्या, चिठ्ठ्या जागेवर होत्या, मोजदाद बरोबर येत होती. शेल्डन १९७७ मध्ये वारला, तोवर कुणाला पत्ता नव्हता. पुढे जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यावर प्रकार उघड झाला. ज्या संग्राहकानं शेल्डनकडून ती नाणी विकत घेतली होती त्याच्याविरुद्ध कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात खटला चालला आणि १९९० च्या दशकात निकाल सोसायटीच्या बाजूनं लागला. चिठ्ठीनं चोरी उघड केली नाही. ती उघड केली नाण्यांच्या अंगावरच्या खुणांनी.

दुसरा प्रश्न : नाणं तेच असेल, पण ते आजही तसंच आहे का? ग्रेड म्हणजे एका नाण्याची एका दिवसाची प्रकृती. डॉक्टरांनी २००७ साली दिलेलं तब्येतीचं सर्टिफिकेट आज दाखवून विमा मिळेल का? डबी बाहेरच्या बोटांपासून वाचवते. हवा ती पूर्ण अडवत नाही, चांदी तिच्यातही काळवंडू शकते, पण घासलं जात नाही. बाहेर आलेल्या नाण्याला मात्र शंभर शत्रू. बोटाचा घाम, लोकरीचं आणि साध्या पुठ्ठ्याचं अस्तर, रबरबँड यांतला गंधक, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटणारा हिरवट चिकटपणा, आपला पावसाळा. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रेमानं फिरवलेलं फडकं.

तिसरा प्रश्न : मुळात ते मत बरोबर होतं का? आणि याला जोडूनच, नाणं डबीबाहेर आलं का? विचार करा. व्यापाऱ्यानं फोडून पाठवलेल्या नाण्याला वरची ग्रेड मिळाली तर ते नव्या डबीत बसून विकलं जातं. ज्यांना नाही मिळाली, किंवा ज्यांना 'साफ केलेलं' असा शेरा मिळाला, त्यांतली काही सुटी विकली जातात. शेऱ्याची चिठ्ठी कचऱ्यात जाते, आधीची बरी चिठ्ठी मात्र ठेवली जाते. म्हणजे सुट्या नाण्यांच्या गर्दीत नापास झालेल्यांचा भरणा आपोआपच जास्त. विकणारा खोटं बोलतोच असं नाही. पण 'डबीतून काढलं, एमएस ६३ होतं' हे वाक्य ऐकलं की 'मग काढलं का?' हे विचारायला लाजू नये.

आता पुन्हा वहिनींकडे येतो.

मी त्यांना घेऊन एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. तरुण मुलगा, तिसऱ्या पिढीचा. त्यानं चिठ्ठी पाहिली, बाजूला ठेवली आणि रुपया उचलला. किमतीचा आकडा त्यानं सांगितला तो डबीतल्या ६३ च्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता. वहिनी गप्प झाल्या. मला राग आला. मी म्हणालो, "अहो, ही डबी मी स्वतः फोडलेली आहे, माझ्या डोळ्यांसमोर!" तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण हे मी ज्याला विकणार, तो तुम्हाला ओळखत नाही. त्याला मी काय सांगू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझा शब्द मी सोबत असेपर्यंत चालणार होता, नाण्याबरोबर तो प्रवास करू शकत नव्हता. डबी नेमकं हेच काम करत होती आणि ती मी करवतीनं कापली होती.

मी म्हणालो, "मग पुन्हा अमेरिकेला पाठवू." तो म्हणाला, "वर्ष बघा." मी पाहिलं आणि ओशाळलो. आपल्या १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलाकृतींच्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं ही पुरातन वस्तू आहे आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. २००९ मध्ये डबी फोडली तेव्हा हा रुपया अठ्ठ्याण्णव वर्षांचा होता. २०११ मध्ये त्याची शंभरी भरली. आला त्या वाटेनं परत जायचं दार बंद झालं, आणि ते बंद होताना आम्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

घरी येऊन मी पेटी पुन्हा नीट पाहिली. तिसरा प्रश्न माझ्या हातात नव्हता, पण पहिल्या दोनांचं काही करता येतं का हे पाहायचं होतं. वहिनींना विचारलं, "त्या वेळचा एखादा फोटो आहे का?" त्यांच्या मुलीनं तिकडून शोधून पाठवला. नाणं घेतलं त्या दिवशी तिनं कॅमेऱ्यानं डबीचा जवळून फोटो काढला होता. फोटोत राजाच्या मानेमागे, कडेजवळ, तांदळाच्या कणीएवढी एक तिरपी खूण होती. मुकुटाच्या वर एक बारीक टोचा होता. भिंग घेऊन रुपया पाहिला. खूण तिथंच, तिरकस तशीच, टोचाही जागेवर. अशा दोन-तीन खुणा जागेनं आणि आकारानं जुळल्या तर तो योगायोग नसतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं : नाणं तेच.

मग रुपया दिव्याखाली हळूहळू तिरपा करत पाहिला. टांकसाळीतून आलेल्या, न पुसलेल्या चांदीवर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. या रुपयावर तो अक्षरांच्या आसपास फिरत होता, पण राजाच्या चेहऱ्यापुढच्या मोकळ्या जागेत अडखळत होता. भिंगातून पाहिलं तर तिथं केसासारख्या बारीक रेघांचं जाळं होतं, सगळ्या एका दिशेनं. फोटोत त्या नव्हत्या.

मी वहिनींना काही बोललो नाही. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपणहून म्हणाल्या, "दर रविवारी पुसायचे हो ते. चश्म्याचं मऊ फडकं असतं ना, त्यानं. हा रुपया तर सगळ्यांत आधी."

दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. चिठ्ठीवरचा आकडा त्या दिवशी खरा होता, आज तो खरा नव्हता. आणि हे सांगायला अमेरिकेतल्या पारख्याची गरज नव्हती. एक जुना फोटो, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक दिवा आणि थोडा धीर पुरला.

शेवटी तो रुपया एका संग्राहकानं घेतला. आम्ही त्याला फोटो दाखवला, खुणा दाखवल्या आणि त्या रेघाही दाखवल्या, लपवलं काही नाही. त्यानं अर्धा तास नाणं पाहिलं. चिठ्ठीबद्दल त्यानं अगदी शेवटी विचारलं. किंमत दिली ती व्यापाऱ्यानं सांगितल्यापेक्षा बरी, डबीतल्या भावापेक्षा बरीच कमी. उरलेले पैसे वहिनींनी मुलीकडून उसने म्हणून घेतले. ऑपरेशन झालं, त्या आता काठीशिवाय चालतात. मला त्यांनी एका शब्दानं कधी दोष दिला नाही, म्हणूनच ही गोष्ट मला सांगावीशी वाटली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी डबीतलं नाणं असेल, तर ते केवळ हौसेसाठी फोडण्याआधी उद्याच्या माणसाचा विचार करा. तुमच्यानंतर ते विकणाऱ्याला तुमची साक्ष काढता येणार नाही. फोडायचंच असेल तर आधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ, मोठे फोटो काढा, डबीसकट आणि डबीबाहेर. तारीख लिहा, वजन लिहा. नाणं कडेनं धरा, पुसू नका, वाजवून तर मुळीच पाहू नका. आणि आपलं नाणं किती जुनं आहे, कायदा त्याला काय म्हणतो, हे आधी पाहून ठेवा.

सुटं नाणं विकत घेत असाल, तर चिठ्ठी खिशात ठेवायला सांगा आणि आधी नाणं पाहा. जे भाग सर्वांत उंच असतात ते आधी झिजतात : गाल, भुवई, कान, मुकुट. मोकळी जागा दिव्याखाली फिरवून पाहा. आपल्याला ते नाणं काय वाटतं ते ठरवा, तेवढीच किंमत मनात धरा आणि मगच चिठ्ठी वाचा. चिठ्ठी तुमच्या मतापेक्षा फार वरचं सांगत असेल, तर पैसे तुमच्या मताचे द्या. कंपनीकडे त्या नंबराचा फोटो असेल तर खुणा जुळवा. नुसता नंबर खरा निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. २००८ च्या सुमारास तर नामांकित कंपन्यांच्या डब्यांसकट नकला बाजारात आल्या, खरे नंबर छापून. झाकलेली मूठही पाहूनच घ्यायची.

अमेरिकेतल्या संग्राहकांत नवशिक्याला पहिला सल्ला दिला जातो, तो हाच : नाणं विकत घ्या, डबी नव्हे. आपल्याकडचे जुने सराफ हे न सांगता पाळत. ते आधी रुपया पाहत आणि आणणाऱ्याचं बोलणं नंतर ऐकत.

व्यवहार पुरा झाल्यावर त्या संग्राहकानं चिठ्ठी मागितली, आठवण म्हणून. मी दिली नाही. तिच्यावरचा नंबर अजून कुठल्या तरी यादीत जिवंत होता आणि उद्या ती कुठल्याही १९११ च्या रुपयाशेजारी जाऊन बसली असती. चिठ्ठी कागदाचीच होती, तिला कायद्याची आडकाठी नव्हती. मी ती लिफाफ्यात घातली, डबी फोडल्याचं वर्ष आणि कारण चार ओळींत लिहिलं आणि कंपनीला परत पाठवून दिली. २००९ सालीच करायला हवं होतं ते काम. उशिरा का होईना, झालं.